सव्वाचार पाणी

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला तीसपैकी तीस मार्क होते, आणि तोवर मी परीक्षानळी एकदाही हातात धरलेली नव्हती.

यात नवल काही नव्हतं. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती, तिला कुलूप होतं, आणि ते कुलूप फक्त परीक्षेच्या दिवशी निघायचं. बाहेरगावचे सर यायचे, वह्यांवर सह्या करायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. वह्या आम्ही आमच्या आधीच्या मुलींच्या वह्यांवरून उतरवलेल्या, त्यांनी त्यांच्या आधीच्यांवरून. कुठल्या तरी वर्षी कुणीतरी खरोखर तो प्रयोग केला असेल, असं आपलं मानायचं.

पुढे मी बीएस्सीला जिल्ह्याच्या गावी गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी चिनी मातीची तापलेली वाटी चिमट्यानं उचलायला सांगितली. मी म्हणाले, "मी करतो सर." आमच्याकडे बायकापोरीही ‘मी करतो, मी जातो’ असंच म्हणतात. सर पुण्याकडचे होते. ते आधी त्या ‘करतो’ला हसले. मग मी चिमटा उलटा धरला आणि वाटी फरशीवर पडून फुटली.

"बारावीला प्रॅक्टिकलला किती होते?" त्यांनी विचारलं.

"तीस."

त्यावर मात्र सगळा वर्ग हसला. सर तसे वाईट नव्हते, नंतर त्यांनीच मला हाताला धरून शिकवलं. पण ते वर्षभर कुणाच्या हातून काही सांडलं, फुटलं की ते म्हणायचे, "तिकडचे तीस वाटतं!" तिकडचे म्हणजे आमच्याकडचे, खेड्यांतल्या कॉलेजांतले.

मला राग आला तो सरांचा कमी आणि त्या तीसचा जास्त. ते मार्क माझे नव्हतेच. मला काही येणार नाही हे आधीच धरून चालून कुणीतरी ते माझ्या ओंजळीत टाकले होते. मी मागितले नव्हते. आमच्या वस्तीतली बारावी सायन्स झालेली मी पहिली मुलगी. निकालाच्या दिवशी आईनं विहाराच्या ओट्यावर पेढे वाटले होते. त्या पेढ्यांत हे तीसही आले, याची मला फार चीड आली. ती अजून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

एमएस्सी, बीएड करून मी परत जिल्ह्यातच आले आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवायला लागले, तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाचे पैसे तासाला, आणि पुढच्या जूनला बोलावलं तर बोलावलं. माझं माहेर जानेफळच्या बाजूचं. कॉलेज कुठं होतं ते सांगत नाही. अशी कॉलेजं सगळीकडे आहेत, एकाच्याच माथी मारण्यात अर्थ नाही.

पटावर साठ-पासष्ट मुलं होती. त्यांतली बहुतेक अकोल्याला नाहीतर लातूरला क्लासला. नाव इथं, मुलं तिथं. ज्यांना घरून धाडणं जमलं नाही ती वर्गात यायची. सात-आठ जणं, त्यात मुलीच जास्त.

अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी फळ्यावर ‘हायड्रेटेड सॉल्ट’ लिहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ही मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकात येऊन पडलेली. मी म्हणाले, "अगं, स्फटिकजल असलेलं मीठ!" तशी पहिल्या बाकावरची एक मुलगी चटकन बोलली, "हाव मॅडम, मोरचूद. निळी राह्यते, तापोली की पांढरी होते."

या मुलीच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून, मग आंघोळ करून ती कॉलेजात यायची. नखांत हिरवा रंग कायम असायचा.

"पाहिलंस का कधी तापवून?"

"नाई. पुस्तकात होतं."

मग मोल आला. फळ्यावर मराठीत ‘मोल’ लिहिल्याबरोबर तिनंच विचारलं, "मॅडम, मोल म्हंजे भाव काय?" सगळे हसले. मी म्हणाले, भाव नाही, मोजण्याचं माप आहे. डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की सहा पॉइंट शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, तेवढ्या फॉर्म्युला युनिटांचं वजन भरतं साधारण अडीचशे ग्रॅम. एक फॉर्म्युला युनिट म्हणजे एक कॉपर, एक सल्फेट आणि त्यांच्याजवळ धरून ठेवलेली पाच पाणी. त्या अडीचशेत नव्वद ग्रॅम नुसतं पाणीच.

"आता पाच ग्रॅम मोरचूद घेतलं तर मोल किती?"

"एका मोलाचा पन्नासावा भाग."

"आणि फॉर्म्युला युनिटं?"

त्यांनी गुणाकार केला. बारावर एकवीस शून्यं. ती शून्यं वहीत मावेनात म्हणून एकीनं दुसऱ्या ओळीवर नेली.

"बरं. आता हेच पाच ग्रॅम तापवलं, पाणी उडून गेलं, वजन उरलं तीन पॉइंट दोन. फॉर्म्युला युनिटं आता किती?"

इथं सगळे अडकले. वजन कमी झालं म्हणजे युनिटंही कमी झाली, असं प्रत्येकाला वाटत होतं. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं. शेवटी ती मळ्याची मुलगी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमी सकाई शंभर जुड्या बांधतो. दुपारलोक उन्हानं सुकतात, वजन निम्मं होते. पन जुड्या तं शंभरच राह्यतात न."

"पुढं बोल."

"पानी गेलं. जुडी नाई गेली."

त्या वर्गात मला त्यानंतर फॉर्म्युला युनिट पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हाच मी ठरवलं की या मुलांना हे करायला द्यायचं. आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेची किल्ली एका परिचराकडे होती, त्याला सगळे मामा म्हणायचे. मी किल्ली मागितली तर मामा घाबरले.

"मॅडम, परीक्षा तं फेब्रुवारीत हाय."

"मला आता उघडायची आहे."

"काच फुटली तं कोन भरन? आजलोक या खोलीत म्या एक काच फुटलेली पाह्यली नाई."

"कारण कुणी आतच गेलं नाही, मामा."

"तेच तं म्हन्तो मी," मामा म्हणाले. त्यांना खरोखर तीच प्रयोगशाळेची खुबी वाटत होती.

मग मी प्राचार्य सरांकडे गेले. सर शेजारच्याच गावचे, गणिताचे. आयुष्यभर गरिबाची पोरं शिकवलेला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी नव्या हाय, उत्साह हाय, चांगलं हाय. पन शहरातले पोरं तीसपैकी तीस घेतात. आपल्या पोराईनं काऊन घेऊ नये? आधीच त्याईचं इंग्रजी कच्चं, घरी कोनी सांगनारं नाई. तेवढे मार्क तरी भरून भेटू द्या."

"मिळू द्या ना सर. पण करून मिळू द्या."

"करून कमी भेटतात," सर म्हणाले.

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. शनिवारी कॉलेज सुटल्यावर उघडा, म्हणाले, गॅस मागू नका, काही फुटलं तर मला सांगू नका. तेवढं मला पुरेसं होतं.

पहिले दोन शनिवार झाडण्यातच गेले. बाटल्यांच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या, बेसिनमध्ये पाल, मोरचुदाची बाटली उघडली तर आत एकच ढेकूळ. ते आम्ही खलबत्त्यात फोडलं. वजनाचा जुना काटा होता, त्याची बारीक वजनं कधीच हरवलेली. म्हणून मी तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक काटा ऑनलाइन मागवला. स्पिरिटचे दिवे मात्र चांगले निघाले. हळूहळू मुलांचे हात सरावले. अकरावी अशीच गेली. बारावीला प्रोजेक्ट करायचा असतो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं की आम्ही मोरचुदातलं स्फटिकजल काढणार. पुस्तकात पाच दिलंय, आपलं किती येतं ते पाहू.

दोन गट केले. मुलींचा एक, दुसऱ्यात दोन मुलगे आणि एक मुलगी. वर्गातली बाकीची दुसऱ्या विषयांचे प्रोजेक्ट करत होती. दोन्ही गटांनी बरोबर पाच ग्रॅम मोजून घेतलं, वाटीत टाकलं, दिव्यावर ठेवलं. खिडकीशी त्या वर्षीच्या अकरावीच्या मुली येऊन उभ्या राहिल्या. निळे खडे कडेनं फिके पडायला लागले, मग राखेसारखे, मग पांढरे. मळ्याच्या मुलीनं त्यातली चिमूटभर भुकटी बाजूला बशीत घेतली असती तर वजन चुकलं असतं, हे तिच्या लक्षात होतं. म्हणून तिनं वेगळा खडा तापवला आणि त्याच्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला. भुकटी चर्र करून पुन्हा निळी झाली. खिडकीतून एकच गलका उठला. मामाही वाकून पाहायला लागले. "हे तं जादूच हाय बे," म्हणाले, आणि मग मी आहे हे आठवून गप्प झाले.

मुलींच्या वाटीत उरलं तीन पॉइंट अडतीस ग्रॅम. त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. गेलेलं पाणी एक पॉइंट बासष्ट ग्रॅम, भागिले अठरा. पाण्याचे मोल शून्य पॉइंट शून्य नऊ. उरलेल्या पांढऱ्याचे मोल काढले, एकाला दुसऱ्यानं भागलं. आलं चार पॉइंट पंचवीस.

दुसऱ्या गटाच्या वाटीत खडे तडतडून बाहेर उडाले होते, काही ढवळायच्या काचेच्या कांडीलाही चिकटले होते. त्यांचं आलं पाच पॉइंट सहासष्ट.

मळ्याची मुलगी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मॅडम, चुकलं काय?"

"चुकलं नाही. आत पाणी राहिलंय अजून. चार पाणी लवकर निघतात. पाचव्याला जास्त आच लागते, ती आपल्या दिव्याला नाही."

"आन त्याईचं?"

"त्यांचं पाणी नाही, मीठच उडून गेलं. ते त्यांनी पाणी म्हणून मोजलं."

"मंग सव्वाचार लिवू?"

"आलं किती?"

"सव्वाचार."

"मग?"

तिनं लिहिलं. खाली का कमी आलं तेही लिहिलं, इंग्रजीत, तीन ओळी, दोन चुका. मी त्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी प्राचार्य सरांनी सगळ्या फायली पाहायला मागितल्या. क्लासला गेलेली मुलंही त्या दिवशी आली होती. त्यांच्या फायली बाजारातून छापील नमुना आणून भरलेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी हाच प्रयोग घेतला होता, आणि प्रत्येकाचं पाणी बरोबर पाच होतं. सरांनी माझ्या मुलींची फाईल उघडली आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, पुस्तकात पाच हाय. इथं सव्वाचार काऊन?"

"आलं तेच लिहिलंय सर."

"मंग पाच आनून टाका न. उद्या बाहेरचे सर येनार. एका कॉलेजात एकाच मिठात कोनाचं पाच, कोनाचं सव्वाचार, कोनाचं साडेपाचच्या वर. शोभते काय?"

"सर, ज्यांचं पाच आलंय त्यांनी वाटी तापवलेलीच नाही."

"मले मालूम हाय."

"मग शोभतं का ते?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फायलीवर तुमची सही नसली तरी कोनाचं अडनार नाई, मॅडम. मी विनंती करून राह्यलो."

"मी पाच लिहायला सांगणार नाही सर. लिहायचंच असेल तर तुम्ही लिहा आणि सहीही तुम्हीच करा."

सर उठले आणि स्वतः वर्गात गेले. मी मागोमाग. त्यांनी मुलांना समजावलं, ओरडले अजिबात नाहीत. एकच आकडा बदलायचा आहे, म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी. दुसऱ्या गटातल्या एका मुलानं माझ्याकडे पाहिलं. आकडा त्यांचा होता, माझा नव्हता.

मळ्याची मुलगी उभी राहिली. "सर, पाच तं आधीच पुस्तकात होतं. तेच लिवायचं होतं तं आमी वाटी कायले तापोली?"

सर म्हणाले, "मार्क जातीन बेटा."

"जाऊ द्या."

मग बाकीचेही तसंच म्हणाले. तो मुलगा सगळ्यांत शेवटी, पण म्हणाला. सर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. मागच्या खोलीत परीक्षकांसाठी पनीरची भाजी शिजत होती आणि तिचा वास प्रयोगशाळेत येत होता. परीक्षक घाईत होते. फायली भराभर चाळत ते मुलींच्या फाईलवर थांबले. त्यांनी इंग्रजीतून विचारलं की पाणी गेल्यावर फॉर्म्युला युनिट किती उरतात. मळ्याच्या मुलीला प्रश्न कळला होता, मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण इंग्रजी तिच्या तोंडात गोठलं.

"मराठीत सांगू काय सर?"

"सायन्स इंग्रजीत असतं," परीक्षक म्हणाले.

तरी ती मराठीतच सांगायला लागली, आमच्या मराठीत. जुडीचं सांगितलं, पन्नासाव्या भागाचं सांगितलं, सव्वाचार का आलं ते सांगितलं, दिव्याची आच कमी पडली हे सांगितलं. परीक्षकांनी अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, सांगतेय बरं. पण उत्तर चुकलंय. मी पूर्ण मार्क कसे देऊ?"

"उत्तर चुकलं नाही सर. मोजणी कच्ची आहे, आणि ती कच्ची का आहे हे तिनंच लिहिलंय."

"बाकी सगळ्यांचं तर पाच आलंय."

"बाकी सगळे या खोलीत आज पहिल्यांदा आलेत सर."

क्लासवाली मुलं जमिनीकडे पाहायला लागली. त्यांचा मला राग नव्हता. कधीकाळी मीही त्यांच्याच जागी उभी होते. दारात प्राचार्य सर उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "जेवण झालं की पाहू," म्हणाले.

निकाल लागला तेव्हा कळलं काय पाहिलं ते. क्लासवाल्यांना तीस, कुणाला एकोणतीस. मळ्याच्या मुलीला बावीस. तिच्या गटातल्या बाकीच्यांना तेवढेच, दुसऱ्या गटाला त्याहून कमी.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी भाजी घ्यायला गेले. मळ्याच्या मुलीचे वडील पाल ठोकून बसले होते, ती त्यांच्या मागं जुड्यांवर पाणी मारत होती. मला पाहून ते उठून उभे राहिले, पण रामराम केला नाही.

"मॅडम, एक इचारू? आमच्या गल्लीतली एक पोरगी अकोल्याले राह्यली, दोन वर्षं कॉलेजचं तोंड नाई पाह्यलं, तिले तीस. मायी रोज आली, तिले बावीस. हे कोनतं गनित हाय?"

बाजूचे दोघं-तिघं ऐकायला लागले. मी म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरीचं गणित बरोबर आहे. खोटे ते तीस आहेत."

"असतीन खोटे. पन चालले न? हिचे खरे हायत तं कोनी इचारलं काय हिले? तुमच्या तत्त्वापायी पोरीचे आठ मार्क गेले."

"बाबा," मागून मुलगी म्हणाली, "मॅडमनं नाई लिवलं ते. म्या लिवलं. माये बावीस हायत. कोनी बी येऊन इचारा, मी करून दाखोतो."

"दाखवजो मंग," वडील म्हणाले. "कोनाले दाखोतं ते मी बी पाह्यतो."

त्यांचं समाधान झालं नव्हतं आणि मी ते केल्याचा आवही आणला नाही. त्यांनी मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या, मी पैसे दिले, त्यांनी घेतले. घरी येईपर्यंत त्यांचा प्रश्न डोक्यात घुमत होता. माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते त्यांना बाजारात उभं राहून सांगता आलं नसतं. मला मिळालेल्या तीसनं माझं काय केलं, ते मला ठाऊक होतं. तिचे बावीस तिला कुणासमोर खाली पाहायला लावणार नव्हते. बीएस्सीचा प्रवेश तिला तेवढ्यावर मिळालाही. पण आठ मार्क गेले हे खरंच, आणि ते तिचे गेले, माझे नाही. हे मी आजही मान्य करते. तरीही पाच लिहा असं मी म्हणाले नसते, हेही तितकंच खरं.

जूनमध्ये फोन आला नाही. मीच केला, तर कारकून म्हणाला, "मॅडम, यंदा वर्कलोड बसून नाई राह्यला." वर्कलोड, म्हणजे आठवड्याचे तास, तेवढेच होते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी मेहकरला एका क्लासमध्ये शिकवायला लागले. तिथं हायड्रेटचं गणित सोडवायची युक्ती ठरलेली होती. पाण्याचा आकडा पाहा, अठरानं गुणा, पर्यायात खूण करा, पुढं चला. मोरचूद निळं असतं हे कुणी विचारलं नाही आणि सांगायला वेळही नव्हता. लोक मला म्हणायचे, कशाला नडलीस, एका आकड्यानं काय बिघडलं असतं? आईसुद्धा एकदा म्हणाली. पश्चात्ताप झाला का, असं सगळ्यांनाच विचारायचं असायचं. नाही झाला. काळजी वाटली, ती वेगळी गोष्ट आहे.

पोळा झाल्यावर एक दिवस प्राचार्य सरांचा स्वतःचा फोन आला. "मॅडम, एकदा भेटून जा."

गेले. खिडकीत उभ्या राहणाऱ्या त्या अकरावीच्या मुली आता बारावीत होत्या. नव्या सरांनी त्यांना प्रोजेक्ट तोंडी सांगून उतरवून घ्यायला सुरुवात केली, तर त्यांनी पेनं खाली ठेवली होती. आम्हाला वाटी तापवायची आहे, म्हणाल्या. सर म्हणाले, परीक्षेच्या वेळी तापवा. त्यावर त्या उठल्या आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर जाऊन बसल्या. तिथंच डबे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तेच. नव्या सरांना तालुक्याच्या कॉलेजात जागा मिळाली, ते गेले.

"हे तुमी शिकोलं त्याईले," प्राचार्य सर म्हणाले.

"पायरीवर बसायला मी शिकवलं नाही सर. ते त्यांचं त्यांनी शोधलं."

"या मंग उद्यापासून."

मला लगेच हो म्हणायचं होतं. महिन्याचा हिशेब डोळ्यांपुढं होता, क्लासचा कंटाळा आला होता, त्या मुलींना भेटायचं होतं. पण मी खुर्चीवर तशीच बसून राहिले.

"येते सर. पण प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा वेळापत्रकात पाहिजे, कॉलेज सुटल्यावर नाही. गॅसची शेगडी पाहिजे, दिव्यानं पुरेशी आच मिळत नाही. आणि मुलांना जे येईल ते मुलं लिहितील. तुम्ही वर्गात जाऊन समजावायचं नाही."

"आन मार्क कमी आले तं? त्याईचे बाप माया केबिनमधी येतात, मॅडम. तुमच्याकडे नाई येत."

"माझ्याकडेही आले होते. माझ्याकडे पाठवा."

सरांना माझं पटलेलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. दर फेब्रुवारीत आमचं भांडण होतं, आणि दर फेब्रुवारीत मला पुढच्या जूनची खात्री नसते. गॅसची शेगडी पुढं पाच महिन्यांनी आली, तीही जुनी.

"तुमी लय हट्टी हाय बाई," ते म्हणाले.

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी घंटी वाजवून दोन चहा सांगितले. चहा पिऊन मी वर्गावर गेले.